कानात सांगायचं नाव

"आत्याबाई, आटपा की! तुमची वाट बघून पोरगी म्हातारी व्हायची!"

शेजारच्या शालनबाई माझ्या मागून ओरडल्या आणि सगळ्या बायका खिदळल्या. मी पाळण्यावर वाकले होते. मागे आठ-दहा जणी मुठी वळून तयार उभ्या होत्या, कारण आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आमची रीत. वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून फिरवून झाला होता. घुगऱ्या शिजल्या होत्या. आता फक्त नाव राहिलं होतं आणि ते माझ्यापाशी होतं.

नाव मी चार वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. करुणा. ज्या बाईचं नाव मी ठेवणार होते ती मागे बायकांमध्येच उभी होती. भोसरीहून बस आणि पुढे शेअर रिक्षा करून आली होती, ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून. हातातली पिशवी तिने पोटाशी धरली होती. पाळण्याच्या पलीकडे माझे वडील उभे होते, टोपी नीट करत. त्यांना जे बोलायचं ते आदल्या दिवशी बोलून झालं होतं.

माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी तनुजा. महाळुंग्यात जन्मले, लग्न होऊन जुन्नरकडे गेले आणि मूल होत नाही म्हणून सहा वर्षांनी परत आले. नवऱ्याने मारलं नाही, हाकललंही नाही. दिवाळीला माहेरी आले होते, तो न्यायला आला नाही, एवढंच. आमची जमीन तोवर एमआयडीसीत गेली होती. वडील, म्हणजे आप्पा, देवळात भजनाला बसायचे आणि धाकटा सुरज एका कंपनीत मेंटेनन्सला लागला होता. मलाही गावालगतच्या एका कंपनीत काम मिळालं. मोटारींच्या आत ज्या वायरी असतात त्यांचे जुडगे बांधायचे. समोर फळी, फळीवर खिळे, खिळ्यांमधून वायरी ओढायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. आठ तास उभ्याने. शेजारच्या फळीवर करुणा होती.

ती परभणीकडची. नवरा ज्योतीराम भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. पहिल्या दिवशी सुपरवायझर भीमराजने वहीत लिहायला नाव विचारलं. ती म्हणाली, "करुणा." तो म्हणाला, "पुढं?" तिने आडनाव सांगितलं, त्याने मान हलवली आणि लिहिलं. तो गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोकांना नुसती करुणा पुरत नाही बघ, आडनाव लागतंच." मी हसले. आमची ओळख झाली ती अशी.

तिची जीभ तिखट होती. उगाच गोड वागणं तिला जमायचं नाही. माझी टेप सैल बसली तर सगळ्या लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "तनुजा, वायर बांधायलीस का वेणी घालायलीस?" पण डबा उघडला की पहिली भाकरी माझ्याकडे सरकवायची. तिचे वडील शिक्षक होते. तीन मुली. त्यांची नावं त्यांनी प्रज्ञा, शीला आणि करुणा अशी ठेवली. "बाप म्हणायचा, पहिल्या दोन शाळेत शिकवता येतात. तिसरी शिकवून येत नाही, ती आतच असावी लागते," असं ती सांगायची आणि वर स्वतःच जोडायची, "मी तिसरी. म्हणून शाळा सोडली आठवीत!"

माझं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. चाकणच्या एका दवाखान्यात नऊ दिवस होते. आईचे गुडघे गेलेले, तिला दोन जिने चढवत नव्हते. सुरजचं लग्न व्हायचं होतं. करुणाने भीमराजकडून रात्रपाळी मागून घेतली आणि नऊ दिवस, दिवसभर ती माझ्या खाटेशी बसली. झोपायची कधी, ते तिचं तिलाच माहीत. कोमट पाण्यात फडकं पिळून माझी पाठ पुसायची. तिच्या तळव्याला टेपच्या कडेने घट्टे पडलेले, ते पाठीला लागायचे. एका दुपारी मी रडत होते. नाही म्हटलं तरी मूल होण्याची वेडी आशा होती, ती त्या दिवशी कापून टाकली होती. करुणाने मला रडू दिलं. मग म्हणाली, "माझं बघ. दोन पोरं. मला तरी कुठं पोरगी हाय? माझं नाव पुढं कोण लावणार?"

मी म्हटलं, "आमच्या सुरजला पोरगी झाली ना, तर तुझंच नाव ठेवीन. आत्याचा मान माझा."

"बघ हं! माणूस दवाखान्यात लई काय काय कबूल करतंय."

"शप्पथ."

आम्ही हसलो. टाके दुखले. तो विनोद होता, पण मी तो जपून ठेवला. मूल होणार नव्हतं, पण एका मुलाचं नाव ठेवायचा हक्क माझ्याकडे उरला होता आणि तो मी कोणासाठी राखून ठेवलाय, हे मला ठाऊक होतं.

सुरजचं लग्न झालं आणि विजयश्री घरात आली. तिला दिवस गेल्यावर मी सगळ्यात आधी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ठेवा की ताई, छान आहे. मी हाक मारीन." मुलगी झाली. सव्वा महिन्यानंतरचा गुरुवार बारशाला धरला, कारण कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. मी करुणाला आमंत्रण दिलं तेव्हा ती टेप तशीच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "खरंच ठेवायलीस?" असं तिने तीनदा विचारलं. तिखट जिभेच्या माणसाचा चेहरा असा उघडा पडलेला बघून मलाच लाजल्यासारखं झालं.

मग बारशाच्या आदल्या दिवशी घरच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, नाव काय ठरलंय. सुरजने भाबडेपणाने लिहून टाकलं.

माझे चुलते उद्धवराव मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालेले. रावेतला फ्लॅटमध्ये राहतात आणि सकाळी सहापासून ग्रुपवर सुविचार टाकतात. त्यांनी मोठा मजकूर लिहिला. गुणवाचक नाव ठेवणं उत्तमच, पण नावाला संस्कार असतो. श्रद्धा, भक्ती, निष्ठा ही आपली. क्षमा, संयम ही जैन मंडळींत जास्त. दया, कृपा म्हटलं की चर्चची आठवण होते. सबुरी कितीही गोड वाटलं तरी शब्द फारसी वळणाचा. आणि प्रज्ञा, शील, करुणा... इथे त्यांनी तीन टिंबं दिली होती आणि खाली हात जोडलेलं चित्र. बाकी सुज्ञांस सांगणे न लगे.

वाचून मला आधी हसूच आलं. सातबारा फोडावा तशी काकांनी गुणांची वाटणी करून टाकली होती. दया त्या गटात, क्षमा त्या गटात, आणि मध्ये बांध. मग हसू गेलं. कारण त्या तीन टिंबांखाली घरातल्या अकरा जणांनी पसंतीचा अंगठा टाकला होता आणि त्यात सुरजचाही होता.

संध्याकाळी आप्पा ओट्यावर बसले होते. मला बोलावलं.

"नाव वंगाळ न्हाई. मी कुठं वंगाळ म्हन्तो?"

"मग काय झालं?"

"आपल्यात ठेवत न्हाईत."

"आप्पा, देवळात तुमी रोज करुणाकरा, करुणाकरा म्हन्ता. ते काय मग?"

"त्यो देव हाय. देवाला काय बी म्हनावं, तो रागावत न्हाई. पोरीला उद्या सोयरीक बघायची हाय. पत्रिकेवर नाव वाचून लोक इचारतील, हे कुठनं आलं?"

"पोरीनं सांगायचं, माझ्या आत्याच्या मैत्रिणीवरून आलं."

आई उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. तिने वर न बघता म्हटलं, "आमी कुनाला कमी लेखतो का गं? उद्या ती बाई येईल, मी माझ्या हातानं वाढीन तिला. पर जेवून मानूस जातं. नाव घरात ऱ्हातं."

आई निरक्षर, पण असं वाक्य काकांच्या सगळ्या मजकुरात नव्हतं. सुरज मोटारसायकल पुसत होता. म्हणाला, "दिदी, माझं काय न्हाई. पण लोक आधी नाव बघतात राव, मग माणूस." मी विजयश्रीकडे पाहिलं. ती पोरीला पाजत होती. एवढंच म्हणाली, "ताई, मान तुमचा आहे."

तरीही मी ठरवलं होतं, करुणाच म्हणायचं. हे मी स्वतःची बाजू सांभाळायला सांगत नाही. सकाळी उठून अंघोळ करताना, पोरीला काजळ लावताना, करुणाला दारातून हाताला धरून पाळण्यापाशी आणताना, माझं ठरलेलंच होतं. आईने खरंच तिला मानाने बसवलं, पाणी दिलं. आमच्याकडे आता कोणी तसलं काही पाळत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात.

आणि मग मी वाकले. पोरगी जागी होती, उचकी लागलेली. शालनबाई ओरडल्या, बायका हसल्या. मी सहज वर पाहिलं. आप्पांनी हात जोडले होते.

पाळण्यापलीकडून, माझ्याकडे बघून. कोणाच्या लक्षात आलं नसेल, लोकांना वाटलं असेल म्हातारा देवाचं नाव घेतोय. पण ते हात मला होते. आप्पांना देवाशिवाय कोणापुढे हात जोडताना मी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, माझ्या सासऱ्यापुढे. पोरीला नांदवा म्हणून. त्या दिवशी सासरा उठून आत निघून गेला होता आणि आप्पा तसेच हात जोडून बसले होते. ते मला पुन्हा बघवलं नाही.

मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि म्हटलं, "श्रद्धा."

मग ताठ होऊन मोठ्याने सांगितलं, "श्रद्धा!" धपाटे पडले. शालनबाईंनी तर जुना हिशेब चुकता केल्यासारखे दोन जास्तच घातले. सगळ्यांचं झाल्यावर एक हात माझ्या पाठीवर नुसता टेकला. मारला नाही. घट्टे पडलेला तळवा, जरा वेळ तसाच राहिला आणि उचलला गेला. मागे वळायचं धैर्य मला झालं नाही.

करुणा जेवली. आईने आग्रह करकरून वाढलं. घुगऱ्यांची तारीफ झाली, पोरीला मांडीवर घेऊन झालं. पिशवी मात्र तिने उघडली नाही. निघताना म्हणाली, "लेकरासाठी काही आणायचं होतं, गडबडीत घरीच राहिलं. उद्या कंपनीत देते." पिशवीतून पिवळ्या कापडाचं टोक दिसत होतं. मी ते पाहिलं आणि तिने मला पाहताना पाहिलं. मी तिला रिक्षापर्यंत सोडायलाही गेले नाही, पाहुणे होते म्हणून. पाहुणे कोणाकडे नसतात?

शुक्रवारी ती माझ्या आधी फळीवर उभी होती. जेवणाच्या सुट्टीत तिने दुपटं माझ्या हातात दिलं. जुन्या मऊ लुगड्याचं, पिवळं, चारी बाजूंनी हातशिलाईचा बारीक धावदोरा. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचं फूल भरलं होतं. फुलाच्या आजूबाजूला सुईची बारीक भोकं होती, ओळीने. नाव उसवून काढलेलं. फूल छोटं पडलं होतं, सगळी भोकं त्याच्याखाली झाकली जात नव्हती.

मी म्हटलं, "करुणा, माझं चुकलं."

"हं. चुकलं खरं." तिने मला सोडलं नाही. भाकरी मोडली, ठेचा लावला, घास चावून खाल्ला. मग इकडेतिकडे बघत, आवाज उतरवून तिने विचारलं, "मोठ्यानं श्रद्धा म्हणलीस ते बरोबरच हाय. घरच्यांपुढं कोण काय करतं? पण कानात? कानात तर माझंच म्हणलीस ना?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. कानात काय सांगितलं ते कोणाला ऐकू येतं? उचकी लागलेल्या पोरीला आणि सांगणारीला. आप्पांना नाही, काकांना नाही, शालनबाईंना नाही. कानात करुणा म्हणून मोठ्याने श्रद्धा म्हणता आलं असतं. आप्पांचे हात सुटले असते आणि माझा शब्दही राहिला असता. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. बापाच्या हातांना मी इतकी घाबरले होते, की जिथे कोणाचीच सत्ता चालत नाही तिथेही मी त्यांचंच ऐकलं.

"व्हय," मी म्हणाले. "कानात तुझंच म्हटलं."

तिचा चेहरा तसाच उघडा झाला, आमंत्रणाच्या दिवशी झाला होता तसा. "मग झालं की, माय! जगाला काय सांगायचं ते सांग. लेकराच्या कानात पहिलं माझं नाव गेलं, ते आता कोण काढणार?" आणि दुपट्याच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवत हसली, "म्हंजी मी टाके उगंच उसवले म्हण की!"

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पोरीचं नाव ठेवलं श्रद्धा, आणि ठेवणारीने दुसऱ्याच दिवशी हे असं केलं.

पुढच्या वर्षी आमची लाइन कमी झाली आणि कंत्राटातल्या सोळा जणींना थांबवलं. त्यात करुणा होती, मी नव्हते. ती भोसरीतच दुसरीकडे लागली. लांब नाही, महाळुंग्याहून दीड तास. सुरुवातीला तिचा फोन यायचा. पहिलं वाक्य ठरलेलं, "माझ्या नावाची काय करायली?" मी सांगायचे, रांगते, दात आला, पायरीवरून पडली. दर वेळी ती म्हणायची, "पडणारच, नावच तसलं जड हाय." आणि दर वेळी मला ते खोटं नव्याने बोलावं लागायचं, काही न बोलता. एकदा मी फोन उचलला नाही. मग परत केला नाही. मग तिचे फोन विरळ झाले. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. आमचं काही झालंच नव्हतं.

आप्पा गेल्या माघात गेले. काही दिवस अंथरुणावर होते तेव्हा एकदा मला म्हणाले, "ती तुझी कंपनीतली बाई येत न्हाई आता? दवाखान्यात लई केलं व्हतं तिनं तुझं." मी म्हटलं, येईल. त्यांना ते सगळं आठवत होतं की फक्त दवाखाना आठवत होता, कोण जाणे. मी विचारलं नाही. विजयश्रीने मात्र एकदा भांडी घासता घासता विचारलं, "ताई, तुम्ही ते नाव का नाही ठेवलंत? मी तर हो म्हणाले होते." मी नळ मोठा सोडला.

परवा गुरुवारी दुपारी श्रद्धा माझ्या खोलीत खेळत होती. चार वर्षांची होईल आता. ते पिवळं दुपटं तिने कपाटातून ओढून काढलं होतं आणि बाहुलीला गुंडाळत होती. धुऊन धुऊन त्याचा रंग उडालाय. लाल फूल अजून आहे आणि भोकंही. एवढ्या धुण्यांत ती बुजतील असं मला वाटलं होतं.

"आत्या, बाहुलीचं बारसं करू. तू नाव सांग."

मी तिला जवळ ओढलं. बाहुलीऐवजी तिच्याच कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं आणि म्हटलं, "करुणा."

ती खिदळली. कान खांद्यावर घासून पुसला. "गुदगुल्या होतात! करुणा कोन?"

"माझी मैत्रीण."

तिने बाहुलीचं डोकं नीट झाकलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "मग ती आपल्याकडं येत का न्हाई?"

मी दुपट्याचा उघडा पडलेला कोपरा आत दुमडला. बाहुलीला थंडी वाजेल म्हणून, असं तिला सांगितलं.